चार बोटांचं गाणं

त्र्याहत्तर साली मी सव्वीस वर्षांचा होतो. वय आईनं सांगितलेलं. ती म्हणायची, रझाकाराच्या गोंधळात तू रांगत होतास, त्यावरून मी हिशोब लावला. शाळा माझी दुसरीपर्यंत. पुढं अक्षर माझं मी घोटलं, तवा वेलांटी चुकली असंल तर ज्यानं त्यानं दुरुस्त करून वाचावं. पण ह्या माणसाविषयी दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चालणार नाही. ज्यांनी त्याला पाहिलं ते त्याचं सांगताना हसतात. मीही हसतो. पण कुठं हसायचं आणि कुठं गप बसायचं हे मला ठाऊक आहे, त्यांना नाही.

तो आमच्या गावात बोअरचं मशीन घेऊन आला. भूम तालुक्यातलं आमचं गाव. त्या साली विहिरीच्या तळाला माणूस उतरायचा आणि खडकातलं पाणी वाटीनं घागरीत भरायचा. अशात एका दुपारी ट्रक आला. ट्रकावर शिडीसारखा मनोरा, मागं चाकावरचा कॉम्प्रेसर, आणि ट्रकात पुढं एक ठेंगणा, काळासावळा, पन्नाशीचा माणूस, मांडीवर एक पेटी धरून बसलेला. गोव्याकडचा ख्रिस्ती होता. त्याला नाव होतं, पण गावानं पहिल्या दिवशी मिस्त्री म्हणलं ते म्हणलंच. तो मात्र सगळ्यांना सायबा म्हणायचा. मला सायबा, माझ्या दोन वर्षांच्या पोराला सायबा. ट्रकापुढं गाढव आडवं बसलं होतं, त्याला खाली उतरून म्हणाला, "ऊठ सायबा, काम आहे."

आमच्या सोसायटीचे चेअरमन तिथंच उभे होते. गावात जीप असलेला तो एकटाच माणूस. त्यांनाही मिस्त्री सायबा म्हणाला, तेव्हा त्यांना लागलं. म्हणाले, "मिस्त्री, गाढवाला अन् मला एकच हाक व्हय?"

मिस्त्री म्हणाला, "एकच कशी सायबा? ते उठलं."

तरी चेअरमननीच त्याला जागा दिली. सोसायटीचं खताचं गोडाऊन रिकामं पडलेलं. पाऊसच नाही तर खत कोण नेणार? वर पत्रा, खाली फरशी, आत युरियाचा वास. मिस्त्रीनं आत पाऊल टाकलं, एकदा टाळी वाजवली, कान एका बाजूला कलता करून उभा राहिला, आणि म्हणाला, "पुन्हा वाजव कोणीतरी, मोठ्यानं." मी वाजवली. तो खूश झाला. आम्हाला वाटलं, हा माणूस उन्हानं बिघडला.

त्याच्या तऱ्हा सांगायच्या तर वाळलेला बांगडा भाजायचा, त्या वासानं गावातली मांजरं त्याच्या मागं मिरवणूक काढायची. मशीनशी बोलायचा. दुपारच्या उन्हात भोक पाडताना कुणी "लवकर, लवकर" केलं की म्हणायचा, "वर सगळेच ओरडतात सायबा. काम खाली चाललंय." आणि रविवारी मशीन बंद. रविवारी तो कोट घालायचा. काळा कोट, कोपरावर ठिगळ, मे महिन्यात. कोट घालून, भांग पाडून, ती पेटी उघडायचा. चावीचा फोनो होता.

पहिल्या रविवारी काय झालं ते सांगतो. उन्हं कलली होती. आई दारात ज्वारी पाखडत होती, म्हणजे ती सरकारी लाल मिलो, तिला ज्वारी म्हणायला जीव होत नाही. एवढ्यात गोडाऊनकडनं बाईचा सूर आला. चढला, चढला, तुटतो की काय असं वाटलं, आणि वरच थांबून राहिला. आईनं सूप खाली ठेवलं.

"कुणाच्या घरी झालं?" ती म्हणाली.

आमच्याकडं माणूस गेलं की बाया सूर काढून रडतात. गेलेल्याचे गुण सांगत, नाव घेत, त्याला बोलत. त्या रडण्याला चाल असते. लांबून ऐकलं तरी कळतं, नवरा गेला का लेक गेला. आईनं पदर तोंडाला लावला, शेजारच्या दोघी-तिघींना हाक मारली, आणि गेल्या की त्या गोडाऊनवर. मी मागनं धावलो. बघतो तर मिस्त्री कोट घालून दारात, आणि बाया त्याला विचारतायत, मयत कुठंय?

दुसरा कुणी असता तर हसला असता. तो हसला नाही. त्यानं रिकामी पोती झटकली, अंथरली, म्हणाला, "बसा मावशी. गेलं नाही अजून कोणी. ऐका."

त्यानं तबकडी पुन्हा सुरुवातीपासून लावली. बाया ऐकत बसल्या. मी बाहेर उभा राहून तोंडावर हात धरून हसत होतो, ते सांगायला काही वाटत नाही. संपल्यावर आई उठली. जन्मात तिनं भारूड आणि जात्यावरच्या ओव्या सोडून काही ऐकलं नव्हतं. मिस्त्रीला म्हणाली, "दादा, हिचं कुणी मेलेलं न्हाय. हिला कुणी इचारलेलं न्हाय."

मिस्त्री पेटीपासनं उठला. मग वाकून तिच्या पाया पडला. आई लाजून पळाली.

त्या गाण्याला ऑपेरा म्हणतात हे मला पुढं त्यानं सांगितलं. गाव त्याला 'मिस्त्रीची बाई' म्हणायचं. रविवारी सूर निघाला की पारावरचे म्हणत, "उठली बघा मिस्त्रीची बाई." कुणी म्हणे तिला विंचू चावलाय. मीही म्हणायचो. मला ते बोंबलणं वाटायचं, आणि मी तसं त्याच्या तोंडावर म्हणलेलं आहे.

आता मी मशीनवर कसा गेलो. आम्ही धनगर. आमची मेंढरं होती, चांगला मोठा कळप. त्या साली पाला राहिला नाही, पाणी राहिलं नाही, आणि उन्हाळा लागायच्या आधीच बापानं ती घाटाखाली नेऊन विकून टाकली. परत आल्यावर बाप कुणाशी बोलेना. मी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. तिथल्या मुकादमानं मला अरे-तुरे केलं, तेव्हा हातोडी तिथंच टाकून आलो. घरी आलो तर बायको म्हणाली, "हातोडी तरी आणायची."

दुसऱ्या दिवशी रिकामा म्हणून बोअरच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. शाळेमागं भोक पाडणं चाललं होतं. कान फाटतील असा आवाज. मी आपला सहज म्हणालो, "मिस्त्री, मशीन आता खोकतंय की. मगाशी चांगलं बोलत होतं."

मिस्त्रीला ऐकू गेलं नाही. मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन ओरडून सांगितलं. त्यानं मशीन बंद केलं. धूळ हातात घेतली, चोळली. काळ्या पाषाणाच्या जागी तांबूस, ठिपक्याठिपक्याचा मांजऱ्या खडक लागला होता. मऊ खडक, त्यात हत्यार अडकलं तर गेलं. वेळेवर थांबला म्हणून हत्यार वाचलं.

"तुला कसं कळलं?" त्यानं विचारलं.

"कळायचं काय त्यात? आवाज आला."

"एवढ्या आवाजात?"

"एवढ्या आवाजाखालनं."

त्यानं हातातली धूळ झटकली. म्हणाला, "उद्यापासून मशीनवर ये. आणि रविवारी गोडाऊनवर."

"मशीनवर येतो. गाणं ऐकणार न्हाय."

"मग मशीनवरही नको."

मी निघून आलो. कुणी मला अट घातलेली मला चालत नाही, अजूनही चालत नाही. दोन दिवस घरी बसलो. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "गाणं ऐकल्यानं अंगाला भोक पडतं काय तुमच्या?" म्हणून गेलो. बायकोसाठी गेलो, मिस्त्रीसाठी नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "तिलाही घेऊन ये."

गोडाऊनचे नियम होते. तोंड धुतल्याशिवाय आत यायचं नाही. दुष्काळात, तोंड! गावात ह्यावरून बोलणी झाली. पण पाणी तो आपलं द्यायचा. दाराशी तांब्या ठेवायचा, ज्यानं त्यानं बोटं बुडवून डोळ्यांवरनं फिरवायची. त्याच्या वाट्याच्या पाण्यातलं ते पाणी, त्यापायी बिचारा आठवडाभर दाढीशिवाय राहायचा. आत बिडी नाही. मध्येच उठायचं नाही. आणि एकदा गाणं लागलं की दाराला कडी. "दार लागलं. आता देव आला तरी बाहेर." एकदा चेअरमन उशिरा आले, स्वतःच्याच सोसायटीच्या गोडाऊनबाहेर उन्हात उभे राहिले, कडी वाजवत. मिस्त्री डोळे मिटून बसलेला. संपल्यावर दार उघडून म्हणाला, "पुढल्या रविवारी लवकर या सायबा."

मला सगळ्यात राग यायचा तो चौघांच्या गाण्याचा. पेटीतल्या तबकड्यांत एक होती, तिच्यावर कडेपासून आत आलेली चीर होती, पण मिस्त्रीचा जीव तिच्यावर. तीत चार जण एकदम गायचे. चौघांचे शब्द वेगळे, चाल वेगळी. आपल्याकडं भजनात एकानं म्हणलं की बाकीचे तेच धरतात. इथं कुणी कुणाचं ऐकून घेईना.

मी म्हणालो, "ही तर टँकरची रांग झाली. भांडणं हायत नुसती."

मिस्त्री म्हणाला, "भांडणच आहे. तू चौघांच्या मागं धावतोस, म्हणून दमतोस. एकाच्या मागं जा."

मग त्यानं माझ्या हाताची चार बोटं धरली. पण हे गाणं त्याला कुठं भेटलं ती गोष्ट आधी सांगितली. तरुणपणी तो बोटीवर इंजिनात कामाला होता. इटलीच्या कुठल्याशा बंदरात थंडीनं मरायला टेकला, तेव्हा उबेसाठी म्हणून एका मोठ्या थिएटरात शिरला. सगळ्यात वर, उभं राहायच्या जागेवर. भाषा येत नव्हती. अंगावर तेलाचे कपडे, शेजारचे लोक नाक धरत होते. "पहिल्यांदा मलाही वाटलं, ही बाई ओरडते का? मग ऊब विसरलो."

"पहिलं बोट मुलगी," त्यानं सांगितलं. "दुसरं तिचा तरणा. त्याचं जहाज सुटायचं आहे, तो म्हणतो जातो आणि येतो. तिसरं बोट बाप, तो म्हणतो जाऊ दे त्याला. मुलगी तीच, पहिल्या रविवारची, ती काय म्हणते ते तुझ्या आईनं सांगितलंच. आणि ही करंगळी. हा नावाडी. सगळ्यात खालचा आवाज. त्याला कुणाचं काही नाही. तो एवढंच म्हणतो, वेळ झाली. वेळ झाली. आज फक्त करंगळी ऐक. बाकीचे मेले समज."

तबकडी लागली. त्या त्या माणसाचा आवाज आला की मिस्त्री माझं ते ते बोट दाबायचा. मी कान खाली लावला. पहिल्या रविवारी नावाडी सापडलाच नाही. दुसऱ्या रविवारी मध्येच सापडला आणि हरवला.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी काय झालं, ते ज्याच्याकडं मेंढरं नव्हती त्याला सांगून कळणार नाही, तरी सांगतो. संध्याकाळी कळप रानातनं वाड्यावर येतो. कोकरं दिवसभर डालग्याखाली कोंडलेली असतात. ती सोडली की एकच कालवा होतो. सगळ्या मेंढ्या ओरडतात, सगळी कोकरं ओरडतात. परका माणूस कानावर हात ठेवतो. पण त्या कालव्यात प्रत्येक कोकराला आपली आई कळते आणि प्रत्येक आईला आपलं कोकरू. मेंढक्यालाही कळतं. त्या आवाजात एखादीचं कोकरू बोलत नसंल तर मला लांबून कळायचं.

त्या रविवारी मी करंगळीच्या मागं जाता जाता एकदम चारही ऐकू आले. एकात एक नाही, वेगळे वेगळे, आणि एकदम. मुलगी एका अंगाला, बाप दुसऱ्या अंगाला, तो तरणा मध्ये, आणि खालनं नावाडी चाललाय. कुणी कुणाला सापडत नव्हतं. माझा बाप मेंढरं विकून आला तेव्हापासनं आमच्या वाड्यावर संध्याकाळचा आवाज नव्हता. तो मी गोडाऊनमध्ये बसून ऐकला.

मिस्त्रीनं विचारलं, "काय झालं?"

मी म्हणालो, "युरियाचा वास डोळ्यात जातो."

"जातो खरा," तो म्हणाला.

एवढ्यात त्याच्या सुया संपल्या. फोनोची सुई दर तबकडीला झिजते. भूमच्या बाजारात मिळेना. दगडावर घासून घासून जुन्याच चालवत होता, शेवटी त्याही गेल्या. मी त्याला बाभळीचा काटा आणून दिला. लावून बघितला, खरखरला. मग मी माळावरनं हिंगणबेटाचे काटे आणले. लांब, कडक, टोक सुईला लाजवील असं. मेंढक्याच्या पायात ते रोज जातात, त्यामुळं ओळख जुनी. तो काटा लावला आणि बाईचा आवाज असा निवळला, जणू ती घसा धरून गात होती आणि आता पाणी प्याली. काटे कापायचं आणि तबकडीगणिक बदलायचं काम तेव्हापासनं माझ्याकडं आलं.

मिस्त्री मात्र म्हणाला, "आवाज बारीक झाला. मोठा होत नाही का?"

मला वाटलं, ह्याचं समाधान कधी व्हायचं नाही. त्या दिवसापासनं तो ऐकताना पेटीच्या लाकडावर तळहात ठेवून बसायला लागला. लाडानं ठेवतो असं मी समजलो.

मशीनवर आमची जोडी जमली होती. मी ऐकायचो, हात वर करायचो, तो थांबवायचा. शाळेमागचं भोक कोरडं गेलं. दुसरं बौद्धवाड्याच्या कडेला घेतलं. तिथं हातोड्याच्या आवाजाखाली मला ओला आवाज आला, मी हात वर केला, आणि थोड्याच वेळानं धुळीच्या जागी चिखल उडाला. त्या उन्हाळ्यात सगळ्या गावाला बौद्धवाड्यात पाण्याला जावं लागलं. काहीजण आठवडाभर ताठ राहिले, मग घागरी घेऊन गेले. कुणी मिस्त्रीकडं कुरकुर केली, तेव्हा म्हणाला, "पाण्याला विचारतो सायबा, पुढल्या वेळी कुठून येतंस म्हणून."

पाणी लागलं म्हणून मशीनच्या ऑफिसातले साहेब उस्मानाबादहून बघायला आले. शिकलेले, बोलायला गोड. रविवार होता. चेअरमननी त्यांना मिस्त्रीच्या गाण्याचं मीठमसाला लावून सांगितलेलं. साहेब म्हणाले, ऐकूच. तोंडं धुतली, आत आले. मिस्त्रीनं त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या आणि पाहुण्यांच्या बरोबरीनं स्वतःही पेटीपासनं लांब खुर्चीवर बसला. मी पेटीपाशी खाली. दाराला कडी लागली. चौघांची तबकडी लागली.

मुलगी चढली, तरणा आला, बाप आला. आणि चिरेवर काटा अडला. मुलीचा एक तुकडा, तोच, पुन्हा तोच, पुन्हा तोच. मी मिस्त्रीकडं बघितलं. तो डोळे मिटून बसला होता आणि त्याचा हात हवेत चालला होता. चाललाच होता. बाई जागेवर अडकलेली आणि मिस्त्रीचा हात पुढं गेला, बापाला घेऊन, नावाड्याला घेऊन, करंगळी हलवत. त्याच्या आत गाणं चालू होतं. बाहेरचं त्याला ऐकूच येत नव्हतं.

कलता केलेला कान, डाव्या बाजूला जाऊन ओरडणं, आवाज बारीक झाला, लाकडावरचा तळहात, सगळं एकदम जागेवर बसलं. वर्षानुवर्षं त्या कॉम्प्रेसरपाशी उभं राहून कान गेले होते त्याचे. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला मशीनवर ठेवत नाहीत.

साहेब चेअरमनकडं बघायला लागले. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. "हे असं का होतंय? मिस्त्रींना कळत नाही का?"

मी म्हणालो, "साहेब, ते तसंच हाय."

"म्हणजे?"

"ऑपेरात असंच असतं. तिला तेच म्हणायचं हाय. बाप ऐकत न्हाय, म्हणून ती फिरफिरून तेच म्हणती."

साहेब मागं टेकले. ऑपेरा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि धनगरासमोर तसं म्हणायचंही नव्हतं. "हां, हां," म्हणाले. "ते रिपीट असतंच त्यात." चेअरमनही मान हलवायला लागले. मी मिस्त्रीच्या हाताकडं लक्ष ठेवलं. तो हात शेवटाला आला, खाली उतरला, त्याच क्षणी मी काटा उचलला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "शेवटी शेवटी तर फारच आर्त म्हणाली," म्हणाले, आणि चेअरमनच्या घरी जेवायला गेले.

मिस्त्री मला म्हणाला, "लोकांची तोंडं बरी दिसली नाहीत मला. काय झालं?"

मी त्याच्या डाव्या कानाशी जाऊन सांगितलं. सगळं सांगितलं. मला वाटलं पाठीवर थाप मारील. त्यानं तबकडी उचलून चिरेवरनं बोट फिरवलं.

"उजवा कधीचाच गेला," म्हणाला. "डाव्यात आता लांबच्या गावचा लाउडस्पीकर ऐकू येतो तेवढं येतं. मशीन मला हाताला कळतं. म्हणून चालवलं. आणि तू होतास." मग म्हणाला, "साहेब काय म्हणाला पुन्हा सांग."

"रिपीट असतंच म्हणाले."

"म्हणजे तो आता उस्मानाबादला जाऊन सांगणार. ऑपेरा ऐकला, त्यात बाई एकच शब्द बडबडते."

"सांगू द्या की. तुमचं काय जातंय?"

त्यानं कोट काढला नव्हताच. पेटी बंद केली, काखेत घेतली, आणि निघाला. मी आडवा झालो. "मिस्त्री, नोकरी जाईल."

"माझी जाईल," तो म्हणाला. "तिचं गाणं का जावं?"

चेअरमनच्या पडवीत साहेब भाकरी-पिठलं खात बसले होते. मिस्त्री उंबऱ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, ते गाणं तसं नाही. ती एकदाच म्हणते. तबकडी अडकली होती. मला ऐकू आलं नाही. मला ऐकू येत नाही."

साहेबांचा घास हातात राहिला. माणूस वाईट नव्हता. हात धुवून बाहेर आले, मिस्त्रीला बसवलं, मोठ्यानं आणि हळू हळू बोलले. मशीनवर ठेवता येणार नाही, उद्या कुणाचा हात जाईल, तुमचाच जाईल. घरी जा, ऑफिसातनं जे मिळायचं ते मिळंल. मिस्त्री "बरं" म्हणाला. मग म्हणाला, "आता खरं ऐकता? पाच मिनिटांचं आहे." साहेब म्हणाले, नंतर कधीतरी. त्यांना उजेडात पोचायचं होतं.

मी त्या संध्याकाळी मिस्त्रीशी बोललो नाही. मी त्याच्यासाठी खोटं बोललो आणि त्यानं ते जाऊन पाडलं. आजही कुणी विचारलं तर सांगतो, मी केलं ते बरोबर केलं. त्यानं केलं तेही. दोन्ही बरोबर असून त्याचं नुकसान झालं, ह्याला मी काय करू?

सकाळच्या एसटीनं तो जायचा होता. चेअरमन जीपनं भूमला सोडणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. आमच्या घागरीतनं तांब्याभर पाणी घेतलं आणि तोंड धुतलं. आई बघत होती. म्हणाली, "आज सोमवार हाय."

"ठाऊक हाय," मी म्हणालो.

माळावर जाऊन हिंगणबेटाचा एक चांगला काटा कापला आणि गोडाऊनवर गेलो. मिस्त्रीची वळकटी बांधलेली होती. मी सरळ पेटीपाशी बसलो. पेटी उघडली, चावी दिली, चौघांची तबकडी काढून पदरानं पुसावी तशी धोतराच्या सोग्यानं पुसली. काटा लावला. मिस्त्री माझ्याकडं बघत होता. त्यानं वळकटीतनं कोट काढला, घातला, आणि म्हणाला, "दार लाव."

मी दाराला कडी घातली. त्याचा उजवा हात माझ्या हातात घेतला. दुसऱ्या हातानं काटा तबकडीवर ठेवला, चिरेपाशी आला की बोटानं हलकेच पुढं सरकवायचा असं ठरवलेलं. मुलगी आली, मी त्याचं पहिलं बोट दाबलं. त्यानं डोळे मिटले. तरणा आला, दुसरं. बाप आला, तिसरं. पुन्हा पहिलं. चीर आली, मी काटा सरकवला, मुलगी पुढं गेली. त्याचा हात माझ्या हातात हलायला लागला.

बाहेर जीप येऊन थांबली. हॉर्न वाजला. मग दारावर थापा बसायला लागल्या, आणि चेअरमन ओरडले, "मिस्त्री, एसटी जाईल. वेळ झाली."

मी त्याची करंगळी दाबली.

मिस्त्रीनं डोळे न उघडता मान हलवली. "लवकर दाबलीस सायबा," म्हणाला. "तो अजून यायचाय."

मी करंगळी सोडली आणि थांबलो.